मांजराच्या पाण्यावर पावती कोण फाडणार?

एफसी रोडवर नो एण्ट्रीत घुसलात तर पावती कोण फाडतं, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. एक्स्प्रेस-वेवर काटा शंभरच्या पुढे सरकला की दोन दिवसांत मोबाइलवर फोटोसकट चलान येऊन पडतं, हेही. आता सीन थोडा बदलूया. तुम्ही पाण्यावर आहात. पायाखाली आठ फुटांची फळी, हातात शीड, बाजूने सणसणीत वारा आणि वेग म्हणाल तर ताशी चाळीस किलोमीटर. समोर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून एक जण जाळं ओढतोय. बाजू कोणी द्यायची? वेग किती हवा होता? आणि काही झालंच, तर शिट्टी मारायला कोण येणार?

या प्रश्नांची उत्तरं शोधायला मी गेले कुठे, तर अंबाजोगाईला. हसू नका. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब आहे, ठाऊक आहे मला. पण माझी एक मैत्रीण बाणेरच्या एका आयटी कंपनीत आहे आणि तिचं माहेर अंबाजोगाईचं. दोन वर्षांपूर्वी ती गोव्याला चार दिवसांच्या सुट्टीवर गेली, तिथे विंडसर्फिंग शिकली आणि कामातून गेली. मग सेकंडहॅण्ड बोर्ड आला, शीड आलं, गाडीच्या टपावर कॅरियर आलं. गोवा दर वीकेंडला कसा परवडणार? त्यामुळे तिच्या डोक्यात एकच खूळ: माहेरपासून तासाभरावर एवढं मोठं मांजरा धरण असताना गोव्याला कशाला जायचं?

तिने हा प्लॅन घरी फोनवर सांगितला तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला. बाबा निवृत्त शिक्षक आहेत, त्यामुळे प्रश्न थेट अभ्यासक्रमातला होता. ‘‘परवानगी कुणाची काढलीस?’’ मॅडम गप्प. मला मात्र स्टोरी दिसली.

फळी की होडी?

ज्यांना विंडसर्फिंग म्हणजे नेमकं काय ते माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. सर्फबोर्डवर एक डोलकाठी बसवलेली असते. तिच्या बुडाशी सगळीकडे फिरणारा सांधा असतो, त्यामुळे शीड कुठेही कलवता येतं. सुकाणू नाही, इंजिन नाही, ब्रेक तर नाहीच. शीड पुढे झुकवलं की फळी एकीकडे वळते, मागे झुकवलं की दुसरीकडे. थांबायचं असेल तर हात सोडून शीड पाण्यात टाकायचं. साठच्या दशकात हा प्रकार आकाराला आला, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांसाठी सुरू झाला, १९९२ मध्ये बायकांसाठी. आपल्याकडे २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ एशियाडमध्ये इबाद अलीने यात ब्राँझ आणलं. आणि गंमत बघा, हा मुलगा कुठल्या किनाऱ्यावरचा नाही, भोपाळचा आहे. तलावात शिकलेला! माझ्या मैत्रिणीने हे उदाहरण बाबांना निदान पाच वेळा ऐकवलं असेल.

वेगाचं म्हणाल तर २०१५ मध्ये फ्रान्सच्या आंत्वान अल्बोने नामिबियात लुडेरिट्झ इथे ५३ नॉटच्या वर वेग गाठला होता. म्हणजे ताशी ९८ किलोमीटरच्या पुढे, तेही निव्वळ वाऱ्यावर. आपल्यासारखे हौशी लोक चांगल्या वाऱ्यात तीस-चाळीसपर्यंत जातात. पण पाण्यावरचे चाळीस म्हणजे रस्त्यावरचे चाळीस नव्हेत, हे जो कधी तोंडावर आपटलाय त्यालाच कळतं.

व्हाया उजनी

अंबाजोगाईला जायचे दोन रस्ते आहेत. एक अहिल्यानगर-बीडवरून, दुसरा सोलापूर हायवेने टेंभुर्णी, बार्शी, कळंब असा. आम्ही दुसरा घेतला, कारण वाटेत भिगवणपासून इंदापूरपर्यंत उजनीचं पाणी अधूनमधून डोकावत राहतं. टपावर बोर्ड बांधलेली गाडी बघून टोलनाक्यावरचा मुलगा म्हणाला, ‘‘ताई, नवीन सोलर आहे का?’’

मैत्रिणीला उजनीचा वारा बघायचा होता. मला दुसरंच काही आठवत होतं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी याच पाण्यात करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली एक प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. एकटा पोहत काठाला लागला. तो कोण होता? सहायक पोलीस निरीक्षक. पोलीस होता म्हणून नव्हे, पोहता येत होतं म्हणून वाचला. मृतदेह शोधायला एनडीआरएफ आली आणि त्यात पुढचे दोनेक दिवस गेले.

त्या होडीने वेग मोडला नव्हता. मोडायला वेगमर्यादेचा बोर्डच कुठे होता! मे महिन्यात दुपार कलली की आपल्या पठारावर ढग जमतात, धूळ उडते, आणि पाच मिनिटांत आरशासारखं पाणी खवळतं. माझ्या मैत्रिणीला नेमका तोच वारा हवाहवासा वाटतो, ही यातली खरी गोची आहे. होडीवाला ज्या वाऱ्याला घाबरून काठाला येतो, त्याच वाऱ्याला विंडसर्फर पाण्यात उतरतो. एकाच पाण्यावर दोघांचं वेळापत्रक उलटं.

कायद्याच्या पुस्तकात

पुढच्या दोन तासांच्या ड्राइव्हमध्ये मी लॅपटॉप उघडून वाचत होते, ती गाडी चालवत होती. सापडलेलं सगळं तुमच्यावर ओतत नाही, कामाचं तेवढं सांगते.

समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ सालचे. भारताने ते १९७५ च्या नियमावलीने स्वीकारले. त्यात जलयान म्हणजे पाण्यावर वाहतुकीला वापरता येईल असं कुठलंही साधन. शिडावर चालतं ते शिडाचं जलयान. म्हणजे बोर्ड आला की त्यात! आता नियम बघा. इंजिनवाल्याने शीडवाल्याला बाजू द्यायची. शीडवाल्याने मासेमारी करणाऱ्याला बाजू द्यायची. चिंचोळ्या वाटेत मात्र शीडवाल्याने मोठ्या जहाजाच्या मार्गात कडमडायचं नाही. मागून ओलांडून जाणाऱ्याने, मग तो कोणी का असेना, पुढच्याला सांभाळून जायचं. आणि वेग? आकडाच नाही. ‘सुरक्षित वेग’ एवढंच. दिसतंय किती, गर्दी किती, वारा-लाटा कशा आहेत, तुम्हाला वळता-थांबता किती पटकन येतं, यावरून तुमचा तुम्ही ठरवायचा. रस्त्यावर अशी मोकळीक दिली तर आपण काय करू, याची कल्पना करून मी लॅपटॉप मिटणार होते.

पण एक मेख आहे. हे नियम समुद्राचे आणि समुद्राला जोडलेल्या, जहाजं ये-जा करू शकतील अशा पाण्याचे. धरणाच्या बंद पाण्याला ते लागू नाहीत. तिथे फार तर शिष्टाचार म्हणून पाळायचे.

मग देशातल्या पाण्यासाठी काय? १९१७ पासून चालत आलेला जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ आला, २०२२ मध्ये लागू झाला. इंजिनाच्या होडीला नोंदणी, तपासणी, विमा, चालकाला परवाना असं सगळं त्यात आहे. बिनइंजिनाच्या साधनांसाठी वेगळं प्रकरण आहे. त्यांची वर्गवारी राज्याने करायची आणि नोंदणीसारखी कामं स्थानिक स्वराज्य संस्थांवर सोपवता येतात. म्हणजे उद्या माझ्या मैत्रिणीला तिच्या बोर्डच्या नोंदणीसाठी ग्रामपंचायतीत घरपट्टीच्या रांगेत उभं राहावं लागलं तर नवल नको.

मांजरेच्या बाबतीत तर एक भारीच किस्सा आहे. २०१६ च्या कायद्याने देशातल्या १११ नद्यांचे पट्टे राष्ट्रीय जलमार्ग झाले. त्यातला क्रमांक ७० कुठला? मांजरा! मी उडालेच. पण नीट वाचलं तर तो पट्टा तेलंगणातल्या सिंगूर धरणापासून खाली गोदावरीच्या संगमापर्यंतचा. आपल्या धनेगावच्या वाट्याला काही नाही.

आणि शेवटी एक कलम सापडलं, जे कुठेही लागू होतं. भारतीय न्याय संहितेचं २८२. जुन्या आयपीसीचं २८०. कुणाच्या जिवाला धोका होईल किंवा दुखापत होईल अशा बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे जलयान चालवलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याच संहितेत जलयान म्हणजे माणसं किंवा माल पाण्यावरून नेण्यासाठी बनवलेली कुठलीही वस्तू. समुद्र असो, धरण असो, गावतळं असो. यासाठी वेगळे जलपोलीस लागत नाहीत. हद्दीतलं साधं पोलीस ठाणं पुरतं.

हे पुस्तकी कलम नाही बरं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. इंजिनाची चाचणी चालू होती. पंधरा जीव गेले. तो गुन्हा कुलाबा पोलीस ठाण्यात नोंदवला गेला आणि त्यात हेच २८२ कलम होतं. मुंबईच्या बंदरात सागरी पोलीस आहेत, तटरक्षक दल आहे, मेरीटाईम बोर्ड आहे, खुद्द नौदल आहे. २६/११ नंतर किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी आणि गस्ती नौका वाढल्या त्या वेगळ्याच. एवढे सगळे डोळे असताना हे झालं. मग जिथे एकही डोळा नाही तिथलं काय बोलावं?

धनेगावच्या भिंतीवर

कळंब मागे टाकलं की रान हळूहळू उघडं होत जातं. ऊस, सोयाबीनची सोंगलेली रानं, मधूनच ज्वारी. मांजरा नदी पलीकडे पाटोद्याच्या बाजूला बालाघाटात उगम पावते आणि इथे बीड आणि धाराशिवच्या सीमेवर केज तालुक्यात धनेगावला अडवली आहे. १९८० च्या सुमाराचं धरण, अठरा दरवाजे, एकूण साठा सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर. भिंतीवर उभं राहिलं की पाणी डोळ्यांत मावत नाही. डिसेंबरची सकाळ होती, पाणी काठोकाठ आणि निळंशार. काठावर बगळे, लांबवर तीन-चार तराफे, बाकी शुकशुकाट. मैत्रिणीने तर मनातल्या मनात दोन फेऱ्या मारूनही घेतल्या असाव्यात.

फक्त वारा नव्हता.

म्हणजे होता, पण पदर हलावा एवढाच. इथलं गणितच उफराटं आहे. जोराचा वारा मे-जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर. तेव्हा धरण तळाला गेलेलं असतं, चिखल, खुंट आणि दगड वर आलेले असतात. पाणी भरतं सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि तेव्हा वारा पडतो. वाऱ्याचं मोल या जिल्ह्याला नाही असं नाही. मांजरसुंब्याच्या डोंगरांवर पवनचक्क्या रांगेने उभ्या आहेत. त्या पवनचक्क्यांच्या निमित्ताने डिसेंबर २०२४ पासून केज तालुका कशामुळे देशभराच्या बातम्यांत राहिला, ते तुम्हाला सांगायला नको. कायदा कागदावर असणं आणि गावात असणं यातलं अंतर इथल्या माणसांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

काठावर जाळं उकलत बसलेल्या एका मामांना आम्ही बोर्ड दाखवला. त्यांनी फळी उलटी करून खालचा पंख बोटाने चाचपला आणि आम्हाला दोन दिवसांत कुठल्या कायद्याने सांगितलं नाही ते सांगितलं. ‘‘ह्ये जाळ्यात अडकंल की वो ताई.’’ बरोबर! बोर्डच्या बुडाला दिशा धरायला एक पंख असतो, चांगला फूटभर. जाळी पाण्याच्या वरच्या थरात सोडलेली असतात, खुणेला प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या. ताशी चाळीसने येणाऱ्याला पाण्यावरची बाटली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो, त्यातून शिडामागचं अर्धं पाणी झाकलेलंच असतं. पंख अडकला की फळी जागच्या जागी थांबते, आणि माणूस थांबत नाही. डोलकाठीवरून पुढे भिरकावला जातो. मामांचं जाळं फाटतं ते वेगळं. एक जाळं म्हणजे काही हजारांचा खर्च आणि कित्येक दिवसांची कमाई. आपला वीकेंडचा छंद आणि त्यांचं रोजचं पोट एकाच पाण्यात उभं आहे.

समुद्रावरचा नियम काय सांगत होता? शीडवाल्याने मासेमारी करणाऱ्याला बाजू द्यायची. १९७२ मध्ये ज्यांनी तो लिहिला त्यांच्यासमोर थर्माकोलचे तराफे नक्कीच नव्हते, पण नियम इथे चपखल बसतो.

मामांना मी विचारलं, वारं सुटलं तर तुम्ही काय करता? ते म्हणाले, ‘‘वारं सुटायच्या आधीच कडंला लागतो.’’

बरं, या पाण्याचा मालक कोण? धरण पाटबंधाऱ्यांचं, म्हणजे गोदावरी मराठवाडा महामंडळाचं. मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय खात्याच्या अखत्यारीतला. पाणी लातूर, कळंब, केज, अंबाजोगाईच्या नळांचं आणि उरलं तर उसाचं. होड्यांची नोंदणी-तपासणी मेरीटाईम बोर्डाकडे. साहसी पर्यटनाची परवानगी पर्यटन संचालनालयाकडे, कारण २०२१ पासून राज्याचं साहसी पर्यटन धोरण आहे आणि त्यात जमीन, हवा, पाणी तिन्ही येतात. बंदीचा हुकूम काढायचा तर जिल्हाधिकारी. आणि बुडालं कोणी तर हद्दीतलं पोलीस ठाणं. इतके सगळे धनी, पण रविवारी दुपारी दोन वाजता पाण्यावर यांच्यापैकी कोणी नाही. होते ते फक्त मामा.

जलपोलीस हा शब्द बीड जिल्ह्यात वापरलात तर लोकांना टँकरवर बंदोबस्ताला ठेवलेला हवालदार आठवेल. विनोद नाही हा. २०१६ च्या उन्हाळ्यात हेच मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा लातुरात पाण्यासाठी जमावबंदी लावावी लागली होती. मग सप्टेंबर २०२१ मध्ये याच धरणाचे अठराही दरवाजे उघडले आणि खालची गावं पाण्यात गेली. २०२५ च्या सप्टेंबरात बीड-धाराशिवमध्ये तर माणसं वाचवायला हेलिकॉप्टर आणावी लागली. एनडीआरएफची तुकडी येते ती पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून, राज्याचं आपत्ती दल धुळे नाहीतर नागपूरहून. बुडणाऱ्या माणसाकडे चार-पाच मिनिटं असतात. गुगल मॅपवर एकदा सुदुंबरे ते धनेगाव टाकून बघा.

आकडा हवा की माणूस?

इंग्लंडमधलं विंडरमियर हे असंच गोड्या पाण्याचं मोठं सरोवर. तिथे २००५ पासून ताशी दहा नॉटची मर्यादा आहे. स्पीडबोटवाल्यांनी केवढा आरडाओरडा केला होता! पण ती मर्यादा इंजिनवाल्यांना. शीडवाला त्यातून सुटतो. तर्क साधा आहे: इंजिनाचा गोंगाट, इंजिनाची लाट, इंजिनाचा पंखा. वाऱ्यावर चालणाऱ्याच्या वेगाला वारा हीच मर्यादा. फ्रान्समध्ये किनाऱ्यालगतच्या ३०० मीटरांच्या पट्ट्यात वेग पाच नॉटच्या आत ठेवावा लागतो, म्हणजे साधारण सायकल रमतगमत चालवावी तेवढा. तिथे पोहणाऱ्यांची गर्दी असते म्हणून. शिडाच्या फळ्यांना आत-बाहेर करायला पिवळ्या बोयांनी आखलेल्या वेगळ्या वाटा असतात.

माझी मैत्रीण म्हणाली, आपल्याकडे वेगमर्यादा कशाला, इथे मोजणार कोण? मला ते अर्धंच पटलं. मोजणारा नसेल तर आकड्याला अर्थ नाही, हे खरं. पण काठापासून शंभर-दोनशे मीटरांत सावकाश, जाळ्यांच्या पट्ट्यात प्रवेश नाही, एवढं ठरवायला रडारगन लागत नाही. चार बोये लागतात आणि कुठे जाळी पडतात ते रोज बघणारा माणूस लागतो. तो आहेच. मच्छीमार सोसायटीच्या एखाद्या माणसाला इंजिनाची एक होडी, दोन लाइफजॅकेट आणि दिवसाचा पगार द्या. जलपोलीस झाला तयार. खाकी नसेल, चालेल. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक एका खासगी कंपनीमार्फत उभे केलेच ना? तिथे काय पोलीस येऊन बुडणाऱ्याला ओढत नाहीत.

उलट बाजूही सांगते. प्रत्येक गोष्टीला परवाना, ना-हरकत, तीन प्रतींत अर्ज असं झालं तर हा खेळ इथे जन्मालाच येणार नाही. आणि पिण्याच्या पाण्यावर डिझेलच्या बोटी सोडण्यापेक्षा शिडाची फळी कितीतरी स्वच्छ. ज्या गावाने आठ-आठ दिवसांनी नळ येताना पाहिलाय, त्याच्या धरणात पुण्याहून येऊन धम्माल करायची, हे जरा डोळ्यांत सलतं, नाही म्हणत नाही. पण इथल्याच पोरांना कोणी शिकवलं तर? भोपाळच्या तलावातून एशियाडचं पदक निघतं, मग मांजरेतून का नाही? फक्त पोरं पाण्यात उतरण्याआधी काठावर कोण उभं असेल ते ठरायला हवं.

त्या दिवशी बोर्ड टपावरून उतरला, तेवढाच. वारा नव्हता हे कारण होतंच. पण वारा असता तरी ती उतरली नसती, असं तिने परतताना स्वतःहून सांगितलं. बचावाला दुसरी होडी नाही आणि जाळी कुठे आहेत ते ठाऊक नाही, या दोन गोष्टींवर तिच्या गोव्यातल्या कोचनेही तिला काठावरच बसवलं असतं.

संध्याकाळ योगेश्वरीची

अंबाजोगाईत पोचलो तेव्हा देवळाकडच्या रस्त्यावर ही गर्दी! मार्गशीर्षातला योगेश्वरीचा उत्सव. ही देवी कोकणस्थांची कुलस्वामिनी, त्यामुळे रत्नागिरी-चिपळूणकडची कुटुंबंच्या कुटुंबं इथे येतात. समुद्राकाठच्या लोकांची देवी बालाघाटाच्या माथ्यावर कशी, याची कथा म्हणजे परळीच्या वैद्यनाथाशी लग्न ठरलं, वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला आणि सगळं वऱ्हाड दगडाचं झालं. हत्तीखान्याच्या लेण्यांतले दगडी हत्ती दाखवून ती आजही सांगतात. रांगेत आमच्यापुढे उभ्या असलेल्या दापोलीच्या काकूंना मैत्रिणीने बोर्डबद्दल सांगितलं, तर त्यांना त्यात काही नवल वाटेना. त्यांच्याकडे शिडाची होडी घरचीच. वारा पडला तर परत कशी येतेस, एवढंच विचारलं. तिचं उत्तर ऐकून (शीड गुंडाळून फळीवर पालथं झोपायचं आणि हातांनी वल्हवायचं) काकू पोट धरून हसल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरलो. दरी, झाडी आणि शांतता, वीकेंडला याहून काय हवं? दासोपंतांची पासोडी इथलीच. कापडावर लिहिलेला ग्रंथ, सुमारे चाळीस फूट लांब! एवढं कापड बघून मैत्रिणीच्या मनात काय आलं असेल ते ओळखा. तिने मोठ्याने म्हटलं नाही, बाबा बरोबर होते.

जाणार असाल तर: पुण्याहून अंतर तीनशे किलोमीटरहून थोडं जास्त, रात्रीच्या बस भरपूर. रेल्वेने परळी वैजनाथला उतरून पुढे जीप किंवा एसटी. अंबाजोगाईत रेल्वे नाही, पण तालुक्यातल्या घाटनांदूरला स्टेशन आहे. धनेगावसाठी स्वतःची गाडी बरी. धरणाच्या भिंतीवर जाण्याआधी पाटबंधाऱ्याच्या चौकीवर विचारा, पावसाळ्यात तर नक्कीच, कारण तेव्हा पाण्याजवळ जायला बंदी असू शकते. बोर्ड, कयाक, एसयूपी असलं काही बरोबर असेल तर लेखी परवानगीशिवाय पाण्यात घालू नका. लाइफजॅकेट अंगात हवं, गाडीत नव्हे. गळ्यात शिट्टी, वॉटरप्रूफ पाउचमध्ये मोबाइल, आणि काठावर एक शहाणा माणूस, ज्याला परतायची वेळ सांगून ठेवली आहे. दुखलं-खुपलं तर अंबाजोगाईतच स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं सरकारी रुग्णालय आहे. आशियातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज म्हणून इथले लोक त्याचा फार अभिमानाने उल्लेख करतात.

मैत्रिणीने परत आल्यावर पाटबंधारे खात्याला अर्ज लिहायला घेतला आहे. ‘विषय’ या रकान्यात काय लिहायचं, यावर बाप-लेकीचं अजून एकमत झालेलं नाही. तिला ‘विंडसर्फिंग’ लिहायचंय, बाबांचं म्हणणं ‘शिडाची फळी’ लिही, म्हणजे साहेब निदान पूर्ण वाचतील.